वाफसा चार दिवसांचा : केटामाइन आणि हट्टी नैराश्य

विट्याजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी त्यांच्या धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ ३६ वर्षांचा, तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. अडीच वर्षांपासून नैराश्य आहे, तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या. आता तो बागेत जात नाही, लेकरांशी बोलत नाही, आणि ‘मी नसलो तरी तुमचं चालंल’ असं दोनदा म्हणाला. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकने फोनवर सांगितलं, ‘केटामाइन थेरपीची सहा सेशन करा, कायमचा फरक पडेल.’ ताई विचारतात : हे भुलीचं औषध की नशेचं? सवय लागेल का? शॉक ट्रीटमेंटपेक्षा बरं का? आणि आपल्या सांगली-मिरजेत हे होतं का?

ताई, केटामाइनकडे नंतर येऊ. ‘मी नसलो तरी’ हे वाक्य तो दोनदा बोलला, तेव्हा आधी एक काम आजच करा. द्राक्षबाग म्हटली की फवारणीची औषधं घरात किंवा शेडमध्ये असणारच. ती सगळी कुलपात ठेवा आणि किल्ली भावाच्या हाती लागणार नाही अशी दुसऱ्याकडे द्या, चुलत्यांकडे किंवा शेजारच्या मळ्यात. मनातला काळोख खूप दाटतो ती घटका बहुतेक वेळा थोडीच असते. त्या घटकेला हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. हे मी डॉक्टर म्हणून पंचवीस वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्याला एकट्याला झोपू देऊ नका. आणि ‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का रे?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून छातीवरचा धोंडा थोडा हलतो. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि धोका अगदी समोर दिसत असेल तर फोनवर थांबू नका, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.

आता तुमचे प्रश्न.

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस या कंपनीसाठी काम करताना कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं, १९६४ मध्ये माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं आणि १९७० मध्ये तिथे भुलीसाठी मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८० च्या दशकापासून आहे. कारण साधं आहे. या औषधाने भूल दिली तरी सहसा श्वास चालू राहतो, बीपी कोसळत नाही. म्हणून जिथे मोठी यंत्रसामग्री नाही अशा ठिकाणी, लहान मुलांना, भाजलेल्या रुग्णाच्या ड्रेसिंगला ते दिलं जातं. मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे. त्याच्या आजूबाजूला वाढलेल्या या दवाखान्यांच्या गावात तुम्ही कुठल्याही भूलतज्ज्ञांना विचारलंत, तर ते सांगतील की केटामाइन त्यांच्या रोजच्या हातातलं औषध आहे. तेव्हा ‘परदेशातून काहीतरी नवीन आलंय’ असा समज असेल तर तो काढून टाका. औषध जुनंच आहे, नैराश्यासाठी वापरणं तेवढं नवं.

हा वापर सुरू झाला २००० साली. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अगदी मोजक्या रुग्णांना भुलीच्या डोसापेक्षा बरंच कमी केटामाइन दिलं आणि दोन-तीन दिवसांतच नैराश्य उतरलेलं दिसलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या कार्लोस झराटे यांच्या गटाने हेच पुन्हा करून पाहिलं. ज्यांना आधीची औषधं लागू पडली नव्हती अशा १७ जणांना केटामाइन दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी ७१ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा दिसली. आमच्या नेहमीच्या गोळ्या परिणाम दाखवायला तीन ते सहा आठवडे घेतात. त्या तुलनेत हे म्हणजे रात्रीतून पाऊस पडल्यासारखं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जाहिरातीत कधी येत नाही. आठवडाभर सुधारणा टिकली ती ३५ टक्के लोकांचीच.

माझं सगळं उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी ७१, आठवड्याने ३५. मधल्या दिवसांत काय घडतं आणि काय घडवायचं, तो खरा उपचार.

कवठेमहांकाळकडचे एक बागायतदार माझ्याकडे होते. (ओळख पटू नये म्हणून इथे प्रत्येकाचे तपशील बदलले आहेत.) केटामाइनच्या दुसऱ्या सलाईननंतर दोन दिवसांनी ते आपण होऊन मळ्यात जाऊन आले आणि मला म्हणाले, ‘डॉक्टर, वाफसा आल्यासारखं वाटतंय.’ मी खुर्चीत ताठ झालो. इतकी वर्षं मी ग्लुटामेट, रिसेप्टर, मेंदूतल्या जोडण्या असं काय काय लोकांना समजावत होतो, आणि यांनी एका शब्दात सांगितलं. पाऊस पडून गेल्यावर जमीन लगेच पेरता येत नाही, चिखल असतो. फार थांबलं तर वरची खपली टणक होते. मध्ये जे मोजके दिवस मिळतात, ओल असते आणि पायही रुतत नाही, तो वाफसा. त्यात पेरलं तर उगवतं.

मेंदूत घडतं तेही बरंचसं असंच आहे. दीर्घ नैराश्यात मेंदूच्या काही भागांतल्या पेशींमधल्या जोडण्या आखडतात. केटामाइन पेशींवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी दारं, काही काळ अडवतं, त्यातून ग्लुटामेट या निरोप नेणाऱ्या रसायनाची एक लाट येते, आणि त्यानंतरच्या तासांत नव्या जोडण्या फुटायला लागतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. औषध स्वतः अंगात काही तासच असतं, परिणाम मात्र काही दिवस राहतो. त्या दिवसांत माणूस ऐकू शकतो, रडू शकतो, एखादी गोष्ट नव्या बाजूने पाहू शकतो. त्याच दिवसांत त्याच्याशी नीट, ठरवून, शिकलेल्या माणसाने बोलणं म्हणजे केटामाइनच्या जोडीने केलेला मानसोपचार. सलाईन लावून बिल देऊन घरी पाठवणं याला थेरपी म्हणता येत नाही. तो अर्धा उपचार झाला, आणि महागडा अर्धा.

पण ताई, त्याही आधी एक पायरी आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत माझं सगळं लक्ष तिथेच जाणार आहे. ‘तीन गोळ्या देऊन झाल्या’ म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्याकडे ‘कुठलंच औषध लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी सांगतो, घरातली सगळी गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आणा. ती पिशवी टेबलावर ओतली की अर्धी कहाणी आपोआप बाहेर येते. एका पाकिटात दहापैकी सात गोळ्या तशाच. दुसरी गोळी चांगली, पण डोस सुरुवातीचाच, तो कधी वाढवलाच नाही. तिसरी तीन आठवड्यांत बंद, कारण पाहुण्यांनी सांगितलं की ‘सवय लागते’. त्यातच एक झोपेची गोळी मात्र वर्षभर न चुकता. याला औषध लागू न पडणं म्हणत नाहीत. ते पोटात पुरतं गेलंच नाही. हट्टी नैराश्य म्हणायचं तर निदान दोन योग्य औषधं, पुरेशा डोसात, सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक नाही, असं असावं लागतं. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तीनातला एक रुग्ण पूर्ण बरा झाला, दुसऱ्या पायरीवर आणखी बरेच. दोन औषधं नीट घेऊनही जे राहिले, त्यांच्यात तिसऱ्या औषधाने बरं होण्याचं प्रमाण १३-१४ टक्क्यांवर आलं. केटामाइनचा विचार खऱ्या अर्थाने या शेवटच्या लोकांसाठी आहे.

म्हणून आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. मग दारू किती आणि कधीपासून, हे बायकोसमोर नाही, एकट्याला बसवून विचारायचं. मग मागे कधी उलटं झालं होतं का : झोप नको, पैसा उधळला, एकदम चार एकर बाग खंडाने घेतली, बोलणं थांबेना. तसं असेल तर हे साधं नैराश्य नसून बायपोलर असू शकतं आणि औषधच वेगळं लागतं. त्याला कानात आवाज येतात का, कुणी पाळतीवर आहे असं वाटतं का, हेही. असे अनुभव असतील तर केटामाइन द्यायचं नाही, त्याने ते वाढू शकतात. बीपी आटोक्यात नसेल, रक्तवाहिनीला फुगा असेल, बाई गरोदर असेल, आधी नशेचं व्यसन असेल, तर तिथेही थांबायचं.

हे सगळं पाहून झाल्यावरही नैराश्य खरंच हट्टी आहे असं ठरलं, तर मग सलाईनचा दिवस कसा असतो ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल.

सकाळी उपाशीपोटी बोलावतो, जेवण आदल्या रात्रीचं. सोबत घरचं माणूस. आदल्या आठवड्यात निदान दोन बैठकी झालेल्या असतात. त्यात तयारी असते : तुम्हाला काय वाटेल, घाबरलात तर काय करायचं, कशासाठी हे करतोय. वजन केलं जातं. समजा ६० किलो. दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ३० मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलीलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असेल तर अवघा ०.६ मिलीलिटर. पूर्ण भुलीला शिरेतून याच्या दुप्पट ते चौपट लागतं. एवढंसं औषध सलाईनमध्ये मिसळून पंपाने ४० मिनिटांत सोडायचं. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. भूलतज्ज्ञ खोलीत किंवा हाकेच्या अंतरावर. बीपी थोडं वाढतं, ते दर दहा-पंधरा मिनिटांनी पाहायचं.

पहिल्या दहा मिनिटांत ओठ जड होतात. मग शरीर आणि आपण वेगळे झाल्यासारखं वाटू लागतं. मिरजेच्या एका मावशी हाताकडे बघत म्हणाल्या, ‘हा हात लांब गेलाय, पण माझाच आहे.’ कुणाला भिंत हलल्यासारखी दिसते, कुणाला वेळ थांबल्यासारखा वाटतो. काहींना भीती वाटते. तेव्हा ओळखीचा आवाज जवळ लागतो : ‘मी इथेच आहे, श्वास सोडा, हे जाणार आहे.’ मावशींना गाणं नको होतं, शब्दांनी त्रास होतो म्हणाल्या. मग आमच्या सिस्टरने मोबाईलवर नुसता तंबोरा लावला. तंतुवाद्यं बनवणाऱ्या सतारमेकर गल्लीच्या गावात दुसरं काय लावणार! त्या सुरात त्या चाळीस मिनिटं शांत पडून होत्या, डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं. सलाईन संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात माणूस बहुतेक भानावर येतो. मळमळ होऊ शकते, चक्कर येते. दोन तास पाहून, चालवून, बीपी बघून मगच घरी. त्या दिवशी दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, कुठल्या कागदावर सही नाही.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. मावशी आल्या आणि बसल्या बसल्या २०१९ चा महापुराचा ऑगस्ट सांगू लागल्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, गावभागातलं त्यांचं माहेर बुडालं होतं, आणि आजारी आईला वेळेवर हलवता आलं नाही ही सल त्या सहा वर्षं उराशी धरून होत्या. या गोष्टी मला नवीन नव्हत्या. आधीही त्या बोलल्या होत्या, पण शिळा पाठ म्हटल्यासारख्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, ‘बोट आमच्या दारापर्यंत आलीच नव्हती. मी काय करणार होते?’ त्या वाक्याला धरून आमच्या समुपदेशक ताईंनी पुढचे तीन आठवडे काम केलं. मावशींनी त्यांच्या भावाला फोन केला, जो आईच्या वर्षश्राद्धानंतर बोलत नव्हता. आईची ट्रंक उघडली. रोज सकाळी घाटावर जाऊन यायचं ठरलं, पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत. केटामाइनने हे काही केलं नाही. केटामाइनने त्यांना हे करण्याइतकं हलकं केलं.

उलटही पाहिलं आहे, आणि त्यात चूक माझी होती. एक तरुण बागायतदार सप्टेंबरच्या शेवटी आला. दोन सलाईनमध्ये विलक्षण फरक, हसू लागला, जेवू लागला. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर होती, मजूर ठरलेले. ‘डॉक्टर, बरं वाटतंय, छाटणी उरकून येतो’ म्हणाला आणि मी जाऊ दिलं. बोलण्याच्या बैठकी राहूनच गेल्या, रोजची गोळीही त्याने सोडली. अवकाळी पाऊस झाला, फुलोऱ्यात घडकुज झाली, आणि चौथ्या आठवड्यात तो होता तिथेच परत आला, किंबहुना जास्त खाली, कारण आता ‘ते भारी औषधसुद्धा माझ्यावर चाललं नाही’ असं त्याच्या मनाने घेतलं होतं. ती निराशा काढायला आम्हाला तीन महिने लागले. तेव्हापासून मी तारखा ठरल्याशिवाय पहिलं सलाईन लावत नाही. सलाईनच्या आणि त्यानंतरच्या बोलण्याच्या, दोन्ही तारखा एकाच कागदावर.

या बोलण्याला किती पुरावा आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. केटामाइन नैराश्य झपाट्याने उतरवतं याला चांगला पुरावा आहे. २०१३ च्या एका अभ्यासात ७३ रुग्णांपैकी काहींना केटामाइन आणि काहींना मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध दिलं. चोवीस तासांनी केटामाइनवाल्यांपैकी ६४ टक्के आणि मिडॅझोलामवाल्यांपैकी २८ टक्के सुधारले. त्या मानाने मानसोपचाराच्या जोडीचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. दारू सोडवण्यासाठी ब्रिटनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात केटामाइन आणि मानसोपचार दोन्ही मिळालेल्या लोकांचे सहा महिन्यांतले दारूविना गेलेले दिवस सर्वांत जास्त होते. येलमध्ये केटामाइननंतर विचार-वर्तन उपचार दिलेल्या छोट्या गटात सुधारणा थोडी जास्त टिकताना दिसली. तेव्हा ही जोडी मी सुचवतो ती या सुरुवातीच्या पुराव्यावर आणि रोज समोर दिसणाऱ्या रुग्णांवर. ‘सिद्ध झालंय’ म्हणून नाही.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी नैराश्य असलेल्या ४० रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेली असताना, म्हणजे ते बेशुद्ध असताना, निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना औषधाविना नुसतं सलाईन दिलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला कळूच शकत नव्हतं. दोन्ही गटांचं नैराश्य बऱ्यापैकी उतरलं, आणि सारखंच उतरलं. यावरून केटामाइन खोटं ठरत नाही. पण आशा, अपेक्षा, आपल्यासाठी इतकी माणसं धडपडतायत ही जाणीव, यांचा वाटा किती मोठा आहे ते दिसतं. म्हणून मी रुग्णाला आशा देतो, खोटी हमी देत नाही. ‘कायमचा फरक’ म्हणणारं क्लिनिक नेमकं उलटं करतं. तिथे अपेक्षा आकाशाला नेऊन ठेवतात, आणि ती कोसळली तेव्हा सावरायला कुणी नसतं.

शॉकबद्दल. आपल्याकडे ‘शॉक’ म्हटलं की सिनेमातली दृश्यं डोळ्यांपुढे येतात, आणि लोक केटामाइन मागतात ते बऱ्याचदा शॉक टाळायला. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी आहे. रुग्ण झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. दोन्हींची तुलनाही झाली आहे. २०२२ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात शॉकने ६३ टक्के तर केटामाइनने ४६ टक्के रुग्णांचं नैराश्य पूर्ण उतरलं. २०२३ मध्ये अमेरिकेत भ्रम-भास नसलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात केटामाइनला ५५ टक्के तर शॉकला ४१ टक्के प्रतिसाद मिळाला, आणि विसरण्याचा त्रास केटामाइनमध्ये कमी होता. मी याचा अर्थ असा घेतो : माणूस खात-पीत नाही, अंथरुणात दगडासारखा पडून आहे, किंवा ‘माझी आतडी सडली’ असे भ्रम आहेत, तर वेळ न घालवता शॉक. भ्रम नाहीत, बोलतो, पण मन उठत नाही, तर केटामाइनचा विचार आधी करायला हरकत नाही. तुमचा भाऊ मला तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या गटातला वाटतो, पण हे त्याला पाहिल्याशिवाय पक्कं करता येणार नाही.

नशा आणि सवय. हो, केटामाइनची नशा केली जाते, आणि ती वाईट नशा आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला जखमा होतात, दर पंधरा मिनिटांनी लघवीला जावं लागतं, रक्त येतं. म्हणूनच भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि डिसेंबर २०१३ पासून शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, नोंदवही चोख. रुग्णालयात, मोजून, तीन आठवड्यांत सहा सलाईन यात व्यसन लागण्याचा धोका कमी आहे. पण ‘बरं वाटलं म्हणून दर आठवड्याला एक’ असं वर्षभर चाललं तर तो उपचार उरत नाही. नैराश्यासाठी केटामाइनचं इंजेक्शन देणं हा आपल्याकडे मूळ मंजुरीबाहेरचा वापर आहे, डॉक्टर तो स्वतःच्या जबाबदारीवर आणि तुमच्या लेखी संमतीने करतात. संमतीच्या कागदात हे स्पष्ट मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेला एस्केटामाइनचा (हा केटामाइनचाच एक प्रकार) नाकातला स्प्रेसुद्धा घरी न्यायला देत नाहीत, दवाखान्यात घेऊन दोन तास बसावं लागतं. घरी घ्यायच्या केटामाइनबद्दल तिथल्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये इशाराही दिला. त्याच महिन्यात अमेरिकन अभिनेते मॅथ्यू पेरी गेले. ते नैराश्यासाठी देखरेखीखाली केटामाइन घेत होते, पण मृत्यूच्या वेळी अंगात सापडलेलं त्या उपचारातलं नव्हतं, बाहेरून मिळवलेलं होतं. तेव्हा कुणी ‘घरी घ्यायची केटामाइनची गोळी’ किंवा कुरियरने औषध म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

त्या क्लिनिकला मात्र पुन्हा फोन करा आणि विचारा. सलाईन चालू असताना भूलतज्ज्ञ कोण असतील, त्यांचं नाव काय? बीपी वाढलं तर तिथे काय सोय आहे? सलाईननंतर बोलणार कोण, किती वेळा, आणि मराठीत का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घालतो. तुमचा भाऊ ‘काळजात कालवाकालव होतीया’ म्हणाला तर समोरच्याला ते शब्दकोशात न बघता कळलं पाहिजे. सहा सेशननंतर पुढे काय, गोळ्या चालू ठेवायच्या की कसं, हेही विचारा. गोळ्या बहुतेक वेळा चालू ठेवाव्याच लागतात. झोपेच्या काही गोळ्या केटामाइनचा परिणाम बोथट करू शकतात, म्हणून त्या कुठल्या आणि किती हे त्यांना कळवा, पण आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते. ही उत्तरं देताना समोरचा चिडला किंवा पैशांकडे वळला, तर तुम्हाला हवं ते कळलं.

खर्चाचं एवढंच सांगतो की औषध स्वतः स्वस्त आहे. पैसे लागतात ते खाट, भूलतज्ज्ञ आणि बोलणाऱ्या माणसाच्या तासांना. जिथे हजारो रुपये ‘औषधाचे’ म्हणून सांगतात तिथे हिशोब मागा. २०१७ च्याच कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसी असेल तर आधी लेखी विचारून ठेवा.

सांगली-मिरजेत होतं का? जिथे मनोविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एका छताखाली आहेत आणि नंतर बोलायला प्रशिक्षित माणूस आहे, तिथे होऊ शकतं. भूलतज्ज्ञांची आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती तिसऱ्या माणसाची. या भागात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत, आणि मला याची रोज खंत वाटते. तुम्ही तासगावहून सांगलीत विश्रामबागला तासभर बसने यायचं, चाळीस मिनिटं बोलून परत जायचं, असं आठवड्यातून दोनदा महिनाभर करावं लागेल. घरातलं कोण रजा काढणार, कोण म्हशी बघणार, हे आधी बसून ठरवा. केटामाइन द्यायचं की नाही हे मी ठरवण्याआधी मला हे ठरलेलं हवं असतं.

आणि घरी त्याच्याशी बोलताना ‘मन घट्ट कर’, ‘बाकीच्यांना काय कर्ज नाही?’ ही दोन वाक्यं घरातल्या सगळ्यांनी बंद करा, थोरल्यांनीसुद्धा. त्याऐवजी ‘चल, बांधापर्यंत जाऊन येऊ’ म्हणा आणि बरोबर चाला. तो बोलला नाही तरी चालेल.

द्राक्षाच्या हंगामावर नजर ठेवून तारखा घ्या. गोडी छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत बैठकी चुकतात, हे मी वर सांगितलंच. मधले मोकळे सहा आठवडे शोधा. तोवर गोळी पूर्ण डोसात, रोज, तुमच्या वहिनींच्या हाताने. किल्ली चुलत्यांकडे. आणि ज्या कुठल्या डॉक्टरांकडे न्याल तिथे गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा, रिकामी झालेलीसुद्धा.